मावळातली पहाट आणि बाळंतिणीची झोप

पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. तुमच्यापैकी अनेकांनी तिने कधी नोकरीसाठी, कधी वर्षासहलीसाठी प्रवास केला असेल. ६४ किलोमीटरांचा हा मार्ग देहूरोडपर्यंत शहराच्या कुशीतूनच जातो. घोरावडी मागे पडली की डोंगर जवळ येऊ लागतात, आणि वडगाव-कान्हे-कामशेतच्या पट्ट्यात भातखाचरे दिसू लागतात. सुट्टीच्या दिवशी या गाडीत बसलात तर मळवलीला उतरणारी एक ठरावीक प्रकारची मंडळी तुमच्या दृष्टीस पडतील. आजीच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले तान्हे मूल, शेजारी खिडकीला डोके टेकलेली त्याची आई, आणि दोन पिशव्या सांभाळत उभ्या उभ्या पेंगणारा बाप. कार्ल्याच्या एकवीरेला नवस फेडायला, बाळाला देवीच्या पायावर घालायला ही कुटुंबे येतात. मूल गाढ झोपलेले असते. त्याच्या आईवडिलांच्या डोळ्यांत मात्र कित्येक रात्रींचे जागरण साठलेले असते.

आपण या गाडीने मावळातून घाटापर्यंत जाऊ आणि वाटेत त्या जागरणाचा विचार करू. ज्येष्ठ वाचकांशी तो करण्याचे कारण साधे आहे. नव्या आईची झोप तिच्या स्वतःच्या हाती फारशी नसते. ती घरातल्या इतरांच्या हाती असते, आणि त्यातही तुमच्या.

आधी बाळाचे वेळापत्रक समजून घ्या. नवजात मूल दिवसाकाठी साधारण १४ ते १७ तास झोपते. ऐकायला हे पुष्कळ वाटते, पण ती झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांत विभागलेली असते. त्याचे पोट लहान, दूध लवकर पचणारे, म्हणून चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. दिवस कोणता आणि रात्र कोणती हे त्याच्या शरीराला ठाऊक नसते. ती घडी बसायला दोन-तीन महिने लागतात. एकदा पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा निजवणे यांत सहज तास जातो. हिशेब केला तर आईला सलग दीड तासही मिळत नाही. सात तासांची झोप सात तुकड्यांत मिळणे आणि एकसंध मिळणे यांत फार अंतर आहे. गाढ झोपेचे टप्पे पूर्ण होण्यासाठी सलगपणा लागतो, आणि बाळंतिणीच्या मनाचे आरोग्य त्या सलगपणावर बरेच अवलंबून असते.

तळेगावला गाडी बरीच रिकामी होते. एके काळी स्वच्छ हवेसाठी ओळखले जाणारे हे गाव आता औद्योगिक वसाहतींच्या वर्दळीत आहे. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली तरुण जोडपी इथल्या एका-दोन खोल्यांच्या सदनिकांत संसार थाटतात. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, त्यामुळे अनेक घरांतला बाप एका आठवड्यात रात्रपाळीला तर दुसऱ्या आठवड्यात सकाळपाळीला असतो. बाळंतपणासाठी गावाहून आई किंवा सासू येते, दिवाणखान्यात अंथरूण टाकते, आणि भिंतीपलीकडचे रडणे ऐकत पडून राहते. उठावे की न उठावे? सून काय म्हणेल? मुलाला राग येईल का? ही घालमेल तुमच्यापैकी कित्येकींनी अनुभवली असेल. माझ्या मते त्या संकोचातच बाळंतिणीची निम्मी झोप बुडते. त्या प्रश्नाची उकल रात्री दोन वाजता होत नाही. ती संध्याकाळी, दिवा लागल्यावर, सगळ्यांनी एकत्र बसून करावी लागते.

कामशेतच्या पुढे पवन मावळात आणि नाणे मावळात जुन्या घरांतून बाळंतिणीची खोली कशी असे हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. बाज, बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना घराबाहेर पाऊल नाही. त्यातल्या काही गोष्टी आज कालबाह्य आहेत, काही चक्क धोक्याच्या आहेत. त्यांच्याकडे पुढे वळू. पण पहिलटकरणीला माहेरी पाठवण्याच्या रिवाजात एक शहाणपण होते. तिथे तिला कुणी चहा करायला उठवत नसे. बाळ तेल-पाण्यासाठी उचलून नेले की ती डोळे मिटू शकत असे. खिरीइतकेच, किंबहुना तिच्यापेक्षा अधिक, तिला या झोपेने बळ मिळे.

पाचवी-सहावीची रात्र आठवून पाहा. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून रात्रभर दिवा तेवत ठेवायचा आणि घरातल्या कुणीतरी जागे राहायचे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी त्या रात्री घडते काय? बाळाजवळ जागे राहण्याचे काम त्या एका रात्रीपुरते का होईना, अख्ख्या घराचे होते. बायका पाळीपाळीने बसतात, गप्पा मारतात, बाळंतीण मध्ये पडलेली असते. सातव्या रात्रीपासून मात्र ती एकटी. हे असे का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर मला कधी मिळालेले नाही.

मळवली स्थानकावर उतरलात की एका बाजूला कार्ल्याचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला भाजे, त्यामागे लोहगड आणि विसापूर. भाज्याची लेणी इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातली. चैत्यगृह पाहून बहुतेक जण परततात. तुम्ही गुडघ्यांना झेपत असेल तर शेजारच्या विहारांत डोकावा. भिक्खूंच्या लहान लहान खोल्या आहेत आणि त्यांत दगडातच कोरलेले ओटे आहेत, झोपण्यासाठी. या भिक्खूंच्या परंपरेत रात्रीचे तीन याम मानले जात. पहिल्या यामात चंक्रमण आणि ध्यान, मधल्या यामात उजव्या कुशीवर निद्रा, शेवटच्या यामात पुन्हा जागृती. संस्कृतात रात्रीला त्रियामा म्हणतात. वर लोहगडावरच्या पहारेकऱ्यांनाही एकाने अख्खी रात्र जागून काढणे परवडले नसेल. पहारा बदलतच असणार.

आता हाच हिशेब घरात करून पाहू.

वय वाढले की झोपेची घडी पुढे सरकते. संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे चारला डोळे टक्क उघडतात. याबद्दल तुम्ही डॉक्टरांकडे तक्रार केली असेल, गोळी मागितली असेल. पण ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घरात ही पहाटेची जाग मोठ्या उपयोगाची आहे. ज्या वेळी तरुण आईवडिलांचे शरीर सर्वांत जड झालेले असते, त्याच वेळी आजी-आजोबा ताजेतवाने असतात. म्हणून पहाटे चार ते सात ही पाळी तुमची, असे घरात जाहीरपणे ठरवून टाका.

रात्री नऊच्या सुमारास आईने बाळाला पाजावे आणि लगेच झोपावे. भांडी, फोन, पाहुणे, काही नाही. त्यानंतर साधारण एकपर्यंत बाळाची जबाबदारी बापाची. मध्ये भूक लागली तर तो बाळाला आईजवळ आणतो, तिने आडव्यानेच पाजले तरी तो शेजारी जागा राहतो, आणि ढेकर, लंगोट, पुन्हा निजवणे हे सारे तो उरकतो. एक ते चार ही पाळी आईची. चारच्या दुधानंतर बाळ तुमच्या खोलीत येते. तुम्ही नऊला झोपला असाल तर तुमचीही सात तासांची झोप झालेली असते. बाप रात्रपाळीला असेल त्या आठवड्यात नऊ ते एकची पाळी दुसऱ्या कुणाला, मावशीला, आत्याला, आजोबांना घ्यावी लागेल, आणि दिवसा बापाच्या खोलीचे पडदे ओढलेले ठेवावे लागतील. वेळा तुमच्या घराप्रमाणे पुढेमागे करा. आईला रात्रीत निदान एक तरी चार तासांचा सलग तुकडा मिळावा, एवढे धोरण सोडू नका.

पहिल्या काही आठवड्यांत अंगावरचे दूध नीट उतरण्यासाठी वारंवार पाजणे आवश्यक असते, म्हणून तेव्हा हा तुकडा तीन तासांचाच झाला तरी चालेल. स्तनपान स्थिरावले, साधारण महिना झाला, की आईने स्वच्छ हातांनी काढून ठेवलेले दूध तुम्ही वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजू शकता. लोणावळ्याच्या थंड हवेत ते चारेक तास बाहेर टिकते. उन्हाळ्यात ते थेट फ्रिजमध्ये ठेवावे. मध, वरचे पाणी, गुटी यांतले काहीही देऊ नका. पहिले सहा महिने आईचे दूध पुरेसे आहे.

पहाटेच्या पाळीत काही पथ्ये तुमच्यासाठीही आहेत. रात्री झोपेची गोळी घेत असाल, उठल्यावर तोल जात असेल, तर बाळ उचलून फिरू नका. पाळण्याजवळ बसून थोपटा आणि उचलण्याचे काम दुसऱ्यावर सोपवा. वाटेत मंद दिवा ठेवा. बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर टेकू नका. तिथे डोळा लागला तर मूल गादीच्या फटीत घसरून गुदमरू शकते. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी पाळी बदलून घ्या. आणि उजाडले की खिडकी उघडून बाळाला प्रकाशात आणा, त्याच्याशी मोठ्याने बोला. रात्री मात्र दिवा मंद, बोलणे कमी. त्याच्या शरीराला दिवस-रात्र शिकवण्याचा याहून वेगळा उपाय नाही.

पुढचे स्थानक लोणावळा. इथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच कोसळतो. कुरवंड्यासारख्या कड्यालगतच्या गावांत तर आठ-आठ दिवस ढग घरात शिरलेले असतात. दुपटी वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, दारे-खिडक्या बंद, आणि अशा वेळी शेगडी बाळंतिणीच्या खोलीत येते. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट सुकवण्याची रीत तुम्ही पाहिली असेल. बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने माणूस खोकत उठत नाही, गुंगीतच राहतो. ‘शेगडीच्या उबेने बाळ-बाळंतीण कशी शांत निजली’ असे म्हणताना ती झोप कसली आहे हे बाहेरून कळत नाही. कपडे दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून सुकवा. बाळंतिणीला ऊब हवी तर कपड्यांचा एक थर वाढवा, गरम पाण्याची पिशवी तिच्या पायाशी द्या. निजलेल्या माणसांच्या खोलीत पेटती शेगडी ठेवू नका, धुरीही नको.

बाळाच्या निजेबाबतही एक-दोन जुन्या सवयी सोडाव्या लागतील. त्याला नेहमी पाठीवर निजवा, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, आईच्याच खोलीत पण शक्यतो वेगळ्या जागेवर. डोक्याला गोलाई यावी म्हणून मोहरीची उशी ठेवतात, ती झोपेत नको. जड गोधडीही नको. साडीच्या झोळीत बाळाची मान पुढे वाकून श्वास कोंडू शकतो, म्हणून झोळी जागत्या माणसाच्या नजरेसमोरच असावी. आणि त्याला झोपवण्यासाठी काहीही चाटवू नका. याच घाटातून उतरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पिढ्यांमध्ये ‘बाळगोळी’ सर्रास दिली जाई. तिच्यात अफू असे. आई पाळीवर जायची आणि मूल दिवसभर निपचित पडायचे. त्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यापाशी दुसरे कुणी माणूस नव्हते. तुमच्या घरात ते माणूस तुम्ही आहात.

लोणावळा-खंडाळ्याला हवापालटासाठी यायची प्रथा फार जुनी आहे, आणि हल्ली दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन ‘थोडी विश्रांती’ म्हणून बंगला भाड्याने घेणारी कुटुंबेही दिसतात. दहा माणसे, स्वयंपाक, भुशी धरणाची गर्दी, आणि बाळंतीण खोलीत एकटी जागी. हवा चांगली असते यात वाद नाही. तिला मात्र त्या सहलीतून विश्रांती मिळते असे मला वाटत नाही.

वलवणच्या बाजूला कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते स्थापन केले, योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजून पाहायचा या हेतूने. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू झाले. शवासनाविषयी बाळंतिणी पुष्कळदा विचारतात. दुपारी वीस मिनिटे शवासनात पडल्याने शरीराचा ताण नक्की उतरतो आणि साध्या बाळंतपणानंतर ते करायला हरकत नसते. शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावे. परंतु शवासनाने चुकलेली रात्र भरून निघत नाही. दुपारी तिला डोळा लागू द्या. भेटायला आलेल्यांना चहा तुम्ही करून द्या, आणि बाळ झोपले असेल तर ते न पाहताच परत पाठवण्याचा अधिकारही वडीलधाऱ्यांनाच आहे. सुनेने तो वापरला तर बोलणी बसतात.

काही वेळा मात्र घरातल्या पाळ्यांनी भागत नाही, आणि ते ओळखण्याची पहिली संधी बहुधा तुम्हालाच मिळते. बाळ दुसऱ्याजवळ शांत निजलेले असतानाही तिला झोप लागत नाही; दोन आठवडे उलटून गेले तरी रडू थांबत नाही; बाळाकडे पाहावेसे वाटत नाही; आपण नसलेले बरे, असे ती बोलून जाते. हे आजाराचे लक्षण आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ‘आम्ही नाही का पोरे वाढवली’ हे त्याचे उत्तर नाही. ‘टेलिमानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो. नवजात बाळ असलेल्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. ती आली की बाळाचे वजन विचारण्याआधी आईच्या झोपेविषयी सांगा. दोन-तीन रात्री अजिबात न झोपता ती अतिउत्साहात असेल, असंबद्ध बोलत असेल, तिला भास होत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि तोवर बाळाला तिच्याजवळ एकटे ठेवू नका.

आता घाट. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे अंतर तीन तासांच्या आत आले. त्यामुळे ‘जरा बाळाला बघून येतो’ म्हणून रात्री मुंबईहून निघणारे आणि पहाटे परत फिरणारे बापही वाढले. चाकावर डोळा लागण्याची भीती पहाटेच सर्वाधिक असते, आणि ज्याच्या चार रात्री बाळापायी तुटलेल्या आहेत त्याला ती दुप्पट असते. तोंडावर पाणी, चहा, मोठ्याने गाणी यांनी ही झोप फार वेळ थोपत नाही. जावयाला आग्रहाने जेवू घालता, तसेच आग्रहाने झोपवून घ्या. किल्ली मागून ठेवलीत तरी चालेल.

रेल्वेचा भोर घाट १८६३ पासून सुरू आहे. चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, म्हणून मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. ती ढकलत ढकलत गाडी वर आणतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. पुढच्या डब्यांतल्या प्रवाशांना त्यांचा पत्ताही नसतो. सव्वा महिन्यानंतर लेक मुंबईला सासरी जाणार असेल, तर मोटारीऐवजी रेल्वेने जा. उतरणीचा प्रवास आहे, दिवसाची गाडी निवडा, बाळाला लोणावळ्याच्या आधी पाजून घ्या आणि तिला खिडकीची जागा द्या. बाळ तुमच्या मांडीवर ठेवा. मंकी हिल येण्याआधी तिचा डोळा लागला, तर दरी दाखवायला उठवू नका. कर्जतला वडेवाल्यांच्या हाकांनी ती आपोआप जागी होईल.